परदेशस्थ आजी-आजोबा साताऱ्याला येतात तेव्हा : गाठीभेटी, मेळावा आणि जवळच्या सहली कशा आखाव्यात

सातारा जिल्ह्यात आता अशी कितीतरी घरे आहेत, जिथे काही नातवंडे गावात आहेत आणि आजी-आजोबा मात्र परदेशी राहतात. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, इंग्लंडमध्ये किंवा ऑस्ट्रेलियात स्थिरावली, निवृत्तीनंतर आई-वडील तिकडच्या नातवंडांना सांभाळायला म्हणून गेले, आधी सहा-सहा महिने राहिले आणि पुढे तिकडचेच झाले. इकडे राहिलेली मुले, सुना, पुतणे, भाचरे आणि इकडची नातवंडे त्यांच्या येण्याची वाट पाहत असतात. प्रत्यक्षात ते येतात तेव्हा बहुतेक घरांत मुक्कामाचे दिवस एका घरून दुसऱ्या घरी जेवायला जाण्यात, गाडीत बसण्यात आणि पोट बिघडल्यावर झोपून राहण्यात संपतात. निरोपाच्या दिवशी सगळ्यांना एकच खंत असते, की निवांत बोलणे काही झालेच नाही.

हे टाळता येते, आणि त्यासाठी खर्चापेक्षा आधीचा विचार जास्त लागतो. माझे ठाम मत असे आहे, की आजी-आजोबांना पाहुण्यासारखे खुर्चीत बसवून ठेवणे हीच सर्वांत मोठी चूक आहे. ज्या मेळाव्यात आणि ज्या सहलीत त्यांच्याकडे एखादे खरे काम असते, तोच दिवस त्यांच्या आणि नातवंडांच्या लक्षात राहतो. पुढचे सर्व टप्पे याच विचाराने मांडले आहेत.

येण्याचा काळ ठरवणे

सर्वप्रथम महिना ठरवावा आणि तो विमानभाड्यापेक्षा प्रकृती आणि प्रसंग पाहून ठरवावा. दिवाळीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ ज्येष्ठांसाठी सर्वांत सुखाचा असतो. हवा कोरडी आणि थंड असते, रस्ते बरे असतात, भाऊबीज आणि मकरसंक्रांत त्यात येते, आणि थंडीच्या मध्यावर ज्वारीचा हुरडाही मिळतो. गौरी-गणपतीला येण्याची ओढ स्वाभाविक आहे, पण भाद्रपदात साताऱ्याच्या पश्चिम भागात पाऊस टिकून असतो, अंगण आणि पायऱ्या निसरड्या असतात, आणि सांधेदुखी असलेल्यांना ओलसर हवा सोसत नाही. ज्यांचे पाय भक्कम आहेत त्यांनी अवश्य गणपतीला यावे, कारण त्याच सुमारास कास पठार फुललेले असते. गावची यात्रा चैत्र-वैशाखात असेल, तर उन्हाळ्याचा विचार करून मुक्काम आखूड ठेवावा आणि यात्रेचे दोन दिवस सोडून दुपारी कोठेही बाहेर पडू नये.

निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना नोव्हेंबर महिना आणखी एका कारणाने सोयीचा पडतो, तो म्हणजे हयातीचा दाखला. आता तो मोबाइलवर चेहऱ्याच्या पडताळणीनेही देता येतो, तरीही बँकेत स्वतः जाऊन सही करणे आणि जुन्या सहकाऱ्यांची भेट घेणे हा अनेक निवृत्त शिक्षकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या आनंदाचा भाग असतो. त्यासाठी एक सकाळ राखून ठेवावी.

कागदपत्रांची तपासणी तिकीट काढण्यापूर्वीच व्हावी. अमेरिकेचे ग्रीन कार्ड, म्हणजे कायम राहण्याचा परवाना असलेल्यांनी सलग एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ बाहेर राहायचे असेल, तर निघण्यापूर्वी री-एन्ट्री परमिटसाठी, म्हणजे परत प्रवेशाच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. सहा महिन्यांपेक्षा लांबलेला मुक्कामदेखील पुढे नागरिकत्वाच्या अर्जात अडचणीचा ठरू शकतो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांनी ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते ते) आणि चालू पासपोर्ट दोन्ही जवळ ठेवावेत, आणि पासपोर्ट नवा झाला असल्यास ओसीआयच्या संकेतस्थळावर नवे तपशील भरले आहेत ना, हे पाहावे. सोबत येणाऱ्या, तिकडेच जन्मलेल्या नातवंडांकडे ओसीआय नसेल, तर त्यांचा व्हिसा वेगळा काढावा लागतो; घाईत नेमके हेच राहून जाते.

प्रवास आणि पहिले चार दिवस

तिकीट काढतानाच विमानतळावरील चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवावी. आजोबा चालू शकत असले आणि त्यांना संकोच वाटत असला, तरीही ती घ्यावी, कारण मोठ्या विमानतळावरील चालणे आणि रांगा हाच प्रवासातील सर्वांत थकवणारा भाग असतो. नेहमीची औषधे हातातील पिशवीत, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह असावीत. चिठ्ठीवर औषधाचे मूळ रासायनिक नाव असणे आवश्यक आहे, कारण व्यापारी नावे देशागणिक बदलतात; साधे पॅरासिटामॉलदेखील अमेरिकेत असिटामिनोफेन या नावाने मिळते, तेव्हा तिकडची बाटली घेऊन मोती चौकातील औषधाच्या दुकानात गेल्यास गोंधळ होतो. लांबच्या उड्डाणात पायांत रक्ताची गाठ होऊ नये म्हणून मधूनमधून उठून चालावे, पाणी पीत राहावे, आणि दाबाचे मोजे वापरावेत का हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

विम्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. अमेरिकेतील मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, साधारणपणे देशाबाहेरील उपचारांचा खर्च देत नाही, आणि इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवाही भारतातील रुग्णालयाचे बिल भरत नाही. त्यामुळे मुक्कामापुरता प्रवासविमा घ्यावा आणि त्यात आधीपासूनच्या आजारांचा समावेश आहे की नाही, हे ओळीनुओळ वाचावे. साताऱ्यातील कोणत्या डॉक्टरांकडे आणि कोणत्या रुग्णालयात न्यायचे हे ते येण्यापूर्वीच ठरवून, त्यांचे क्रमांक आणि 108 या रुग्णवाहिकेचा क्रमांक फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवावा.

पुण्याला थेट येणारी परदेशी विमाने थोडी आहेत, म्हणून बहुतेकांना मुंबईला उतरावे लागते. मुंबई ते सातारा हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे आणि रस्त्याने पाच ते सहा तास सहज लागतात. मध्यरात्री उतरून त्याच गाडीने पहाटेपर्यंत घर गाठण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ती मला योग्य वाटत नाही. नवी मुंबईत किंवा पुण्यात नातेवाइकांकडे वा साध्या हॉटेलात एक रात्र काढून, दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर खंबाटकी घाट उतरावा. विमानतळावर घ्यायला जाणाऱ्यांनीही एकच गाडी न्यावी. सगळ्या भावकीने मुंबईला जाण्यापेक्षा दारात भाकरतुकडा ओवाळून टाकायला घरी थांबलेले बरे.

घरात त्यांची खोली तळमजल्यावर असावी. जुन्या वाड्यांत आणि गावाकडच्या घरांत अजूनही भारतीय पद्धतीचे शौचालय असते, आणि कित्येक वर्षे कमोडची सवय झालेल्यांना गुडघे वाकवून बसणे जमत नाही. बांधकाम करण्याची गरज नाही. कमोडची खुर्ची विकत किंवा भाड्याने मिळते आणि तेवढी पुरते. मोरीत रबरी चटई घालावी, भिंतीला धरायला दांडा बसवावा, रात्री वाटेत लहान दिवा जळत ठेवावा. पलंग फार ठेंगणा नको आणि मच्छरदाणी असलीच पाहिजे.

अमेरिकेतून येणाऱ्यांचा दिवस-रात्र उलटा झालेला असतो आणि शरीराला तो फरक पचवायला आठवडादेखील लागतो. म्हणून पहिले चार दिवस कोणताही कार्यक्रम ठरवू नये. सकाळचे ऊन अंगावर घ्यावे, दुपारची झोप तासाभरापेक्षा लांबू देऊ नये, उकळलेले पाणी आणि घरचे साधे जेवण द्यावे. भेटायला येऊ पाहणाऱ्यांना फोनवर नम्रपणे पाचव्या दिवसानंतरची वेळ द्यावी. हे सांगण्याचे काम घरातील सुनेवर टाकू नये, कारण बोल तिलाच लागतात. ते मुलाने किंवा थोरल्या पुतण्याने करावे.

आधी सांत्वनाच्या भेटी

मेळाव्याच्या उत्साहात एक गोष्ट मागे पडते. आजी-आजोबा परदेशी असताना इकडे त्यांच्या पिढीतील कोणी ना कोणी गेलेले असते: धाकटी बहीण, चुलतभाऊ, शेजारचे मास्तर. फोनवर बातमी कळलेली असते, पण घरी जाऊन बसणे राहिलेले असते, आणि ते ओझे त्यांच्या मनावर असते. अशा घरांची यादी त्यांच्याकडूनच करून घ्यावी आणि विश्रांतीचे पहिले चार दिवस संपताच, आनंदाच्या कार्यक्रमांपूर्वी, या भेटी पूर्ण कराव्यात. एका दिवशी एकच घर घ्यावे. सोबत एक समजूतदार माणूस असावा, जो घाई करणार नाही आणि चहापाण्याचा आग्रह आवरेल. लहान मुलांना नेऊ नये असे माझे म्हणणे नाही. शांत बसू शकणाऱ्या नातवाला नेले, तर गेलेल्या माणसाविषयी आजी जे बोलते ते त्याला इतर कोठेही ऐकायला मिळणार नाही.

मेळावा : एकदाच, दिवसा आणि कामांच्या वाटणीसह

यानंतर मुख्य मेळावा. प्रत्येक घरी स्वतंत्र जेवायला जाण्याऐवजी सर्व भावकीने आणि पाहुण्यांनी एके दिवशी एकत्र यावे, हा बदल घडवून आणणे सोपे नाही. मानापानाचा प्रश्न उभा राहतो. आत्याला वाटते माझ्या घरी पाय लागले नाहीत, मामांकडचे म्हणतात आम्हाला गर्दीत बसवले. म्हणून दोन प्रकार वेगळे करावेत. ज्यांच्याकडे जायलाच हवे अशी मोजकी घरे, म्हणजे बहीण, व्याही आणि फार थकलेली, बाहेर पडू न शकणारी माणसे, त्यांच्याकडे सकाळी चहाला जाऊन यावे, आणि जेवण मात्र मेळाव्यालाच असे सर्वांना आधीच कळवावे. हे निमंत्रण आजी-आजोबांनी स्वतः फोन करून दिले, तर कोणीही रुसत नाही. परदेशातून निघण्यापूर्वीच ते रोज थोडे फोन करू शकतात, आणि त्यांच्या मुक्कामाची सुरुवात तिथूनच होते.

मेळावा सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत ठेवावा. संध्याकाळच्या कार्यक्रमात जेवण उशिरा होते, ज्येष्ठ पेंगू लागतात आणि गावाकडून आलेल्यांना परतीची चिंता असते. जागा शेतावरची असो, गावातील घराची असो किंवा लहानसे मंगल कार्यालय असो, तेथे पाठ टेकता येईल अशा पुरेशा खुर्च्या, सावली, जवळ स्वच्छतागृह आणि आडवे होण्यासाठी एक बंद खोली हवी. ध्वनिक्षेपक नको. वयामुळे ऐकू कमी येणाऱ्यांना मोठ्या गोंगाटात एक शब्दही कळत नाही, आणि ज्यांच्यासाठी सारे जमलेले असतात तेच एकटे पडतात.

आता कामे. आजोबांनी कुटुंबाची वंशावळ सांगावी आणि नातवंडांनी ती मोठ्या कागदावर भिंतीवर काढावी. मूळ गाव कोणते, कोणती शाखा कोठे गेली, कुलदैवत कोणते, पालीचा खंडोबा की औंधची यमाई की शिखर शिंगणापूरचा महादेव, कोणत्या साली कोणी घर बांधले, हे सांगताना इतर वृद्धही दुरुस्त्या सुचवतात आणि मेळाव्याला आपोआप रंग चढतो. हा कागद आधी छापून आणू नये. रिकामा कागद आणि जाड शाईची लेखणी यांतच त्याचे बळ आहे. जुनी छायाचित्रे ज्यांच्याकडे असतील त्यांनी आणावीत. आजीने प्रत्येक छायाचित्रातील माणसे ओळखून सांगावीत, आणि कोणीतरी एकाने मागच्या बाजूला पेन्सिलने नावे लिहावीत व समोरची बाजू मोबाइलने टिपावी. हे काम एकट्याने बसून कधीच होत नाही.

स्वयंपाक आचाऱ्याकडे दिला, तरी एक पदार्थ आजीच्या हातचा असावा, आणि तो करताना तिच्याजवळ नाती आणि नातसुना बसाव्यात. भरली वांगी, झुणका आणि बाजरीची भाकरी, कोरेगावकडच्या वाघ्या घेवड्याची उसळ, शेवटी पुरणपोळी किंवा खीर, एवढे जेवण पुष्कळ होते. परदेशी वाढलेल्या मुलांसाठी थोडे अळणी आणि कमी तिखट बाजूला काढून ठेवावे. त्याचबरोबर आजी-आजोबांचीही जीभ आणि पोट आता पूर्वीचे राहिलेले नसते, हे आग्रह करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

देण्याघेण्याविषयी आधीच स्पष्ट बोलावे. टॉवेल-टोपी, साडी-चोळी आणि खण-नारळ यांची देवाणघेवाण सुरू झाली, की दिवसाचा मोठा भाग त्यातच जातो, आणि परदेशातून कोणी काय आणले याची तुलना सुरू होते. आमच्याकडे आता मोठ्यांनी एकमेकांना काहीही द्यायचे नाही आणि फक्त लहान मुलांना खाऊ द्यायचा असा नियम आहे, आणि तो सर्वांना मानवला आहे. आजीची ओटी मात्र भरावी, कारण त्यात हिशोब नसतो.

तिकडची नातवंडे सोबत असतील, तर त्यांना इकडच्या चुलत-मावस भावंडांबरोबर पहिल्या तासातच एकत्र काम द्यावे: पाणी वाढणे, पत्रावळी मांडणे, छायाचित्रे काढणे. मराठी अडखळत असली तरी त्यावर हसू नये आणि सर्वांसमोर त्यांना श्लोक म्हणायला उभे करू नये. आजीबरोबर त्यांनी वाढप केली, तर काका कोण, आत्या कोण, हे त्यांना ओळीत जाता जाता समजते.

जवळच्या सहली कशा निवडाव्यात

सहलीचे ठिकाण निवडताना चार गोष्टी पाहाव्यात: पायऱ्या किती, सावली किती, स्वच्छतागृह कोठे आणि गाडी कुठपर्यंत जाते. अंतराचा क्रमांक त्यानंतरचा. सकाळी आठला निघून दुपारी दोनपर्यंत घरी परतणे, एका दिवशी एकच ठिकाण पाहणे आणि दुसरा दिवस विश्रांतीचा ठेवणे, ही चाल ज्येष्ठांना झेपते. महाबळेश्वर, पाचगणी, वाई आणि प्रतापगड एका दिवसात उरकणारी सहल तरुणांसाठी ठीक आहे. येथे तिचा विचारही करू नये.

सुरुवात अगदी जवळून करावी. साताऱ्यापासून चार-पाच किलोमीटरवर संगम माहुली आहे, जिथे कृष्णा आणि वेण्णा मिळतात. सकाळी घाटावर ऊन कोवळे असते, विश्वेश्वर आणि रामेश्वर मंदिरांचे जुने बांधकाम बसून पाहता येते, आणि नदीपर्यंत उतरण्याची सक्ती नसते. अजिंक्यताऱ्यावर गाडीरस्ता जातो, त्यामुळे किल्ल्याच्या दरवाजाजवळून खाली पसरलेले शहर आजोबांना दाखवता येते. खरे तर दाखवावे त्यांनीच: शाळा कोठे होती, राजवाड्याकडून घरी जाण्याची वाट कोणती, कोणत्या भागात तेव्हा नुसती शेती होती. नातवंडांनी त्यांच्या बोलण्यावरून शहराचा साधा नकाशा काढावा. संध्याकाळच्या थंडीत या ठिकाणी वारा बोचतो, म्हणून सकाळच बरी.

मला सर्वांत योग्य वाटणारी सहल वाईची आहे. साताऱ्यापासून अंतर सुमारे पस्तीस किलोमीटर, रस्ता चांगला, आणि ढोल्या गणपतीचे मंदिर घाटालगतच असल्याने फार चालावे लागत नाही. पुराचे पाणी फुटून दोन्ही बाजूंनी जावे म्हणून या मंदिराची मागची भिंत माशाच्या आकाराची बांधलेली आहे, हे मुलांना मुद्दाम दाखवावे. तेथून जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट आहे. घाटावरील मंदिरात वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा आहे. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली, ती कथा आजोबांनी घंटेखाली उभे राहून सांगितली, तर मुले ती विसरत नाहीत. घाटाच्या पायऱ्या मात्र उंच आहेत. ज्यांना जमत नाही त्यांनी वरच्या झाडांच्या सावलीत बसावे आणि मुलांनी खाली जाऊन यावे. आजोबांची प्रकृती चांगली असेल, तर वाईचा एक फेरा एसटीने करावा. राज्यातील 75 वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास 2022 पासून मोफत आहे, त्यासाठी आधार कार्ड जवळ ठेवावे; पण सवलतीपेक्षा खिडकीजवळच्या आसनाचा आणि वाहकाशी होणाऱ्या गप्पांचा आनंद मोठा असतो.

वाचनाची आवड असलेल्या आजी-आजोबांनी पाचगणीजवळचे भिलार चुकवू नये. मे 2017 मध्ये सुरू झालेल्या या पुस्तकांच्या गावात ग्रामस्थांच्या घरांत, मंदिरांत आणि शाळेत मराठी पुस्तके मांडलेली आहेत आणि कोठेही बसून वाचता येते. येथे आजीने नातवाला पुस्तक निवडून द्यावे आणि नातवाने आजीला. दोघांनी एकेक प्रकरण वाचून दाखवावे. थंडीच्या दिवसांत परिसरात स्ट्रॉबेरीही असते.

पुसेगाव-वडूजच्या बाजूला जायचे असेल, तर औंध पाहावे. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी उभारलेल्या तेथील संग्रहालयात राजा रविवर्मा यांची चित्रे आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे शिल्पही आहे. इंग्लंडमध्ये वाढलेल्या नातवाला ते औंधमध्ये पाहून मोठे नवल वाटेल. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणाऱ्या या पंतप्रतिनिधींविषयी आजोबांच्या पिढीला पुष्कळ ठाऊक असते. जाण्यापूर्वी संग्रहालय उघडे असल्याची खात्री करून घ्यावी.

लिंब गावाजवळची बारा मोटेची विहीर पाहण्यासारखी आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली आणि विहिरीतच छोटा महाल आहे. आत उतरताना पायऱ्या लागतात, म्हणून गुडघेदुखी असलेल्यांनी वरून पाहून समाधान मानावे. मोटेने, म्हणजे बैलांनी ओढायच्या चामड्याच्या पखालीने, पाणी काढताना प्रत्यक्ष पाहिलेली आजी-आजोबांची ही शेवटची पिढी आहे. नाडा, सोंदूर आणि धाव कशाला म्हणत, बैल मागे कसे येत, हे त्यांनी तेथेच सांगावे आणि नातवंडांनी ते ध्वनिमुद्रित करावे.

सज्जनगडावर गाडी बरीच वरपर्यंत जात असली, तरी पुढे पायऱ्या चढाव्याच लागतात. हृदयरोग किंवा दमा असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. जायचेच ठरले, तर पहाटे निघावे, दर टप्प्याला बसावे, समर्थांच्या समाधीचे दर्शन घेऊन दुपारचा प्रसाद घ्यावा आणि उन्हे कलल्यावर उतरावे. ठोसेघरचा धबधबा पावसाळ्यात भव्य असतो, पण तेथील ओल्या पायऱ्या आणि गर्दी पाहता मी तो या यादीतून वगळतो.

कासविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण परदेशातून येणारे सर्वजण त्याबद्दल विचारतात. साताऱ्यापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर असलेले हे पठार ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलते. 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर त्याचा जागतिक वारशात समावेश झाला. हंगामात प्रवेशाची नोंदणी आधी ऑनलाइन करावी लागते, आणि रोजच्या पर्यटकांची संख्या मर्यादित असते. शनिवार-रविवार पूर्णपणे टाळावेत. पठार म्हणजे जांभ्या खडकाचा उंचसखल कातळ आहे, त्यावर पाणी साचलेले असते, म्हणून घट्ट तळव्याचे बूट आणि हातात काठी हवी. आजींनी साडीऐवजी पंजाबी पोशाख घातला तर चालणे सोपे जाते. धुके आणि वारा अचानक येतो, तेव्हा कानटोपी आणि रेनकोट गाडीत असू द्यावेत. सगळे पठार फिरण्याची गरज नाही. आरंभीच्या भागात शांतपणे खाली वाकून पाहिले, तरी तेरडा आणि सीतेची आसवे ही फुले दिसतात.

प्रत्येक सहलीत एक माणूस केवळ आजी-आजोबांच्या गतीने चालणारा असावा, आणि ही जबाबदारी आळीपाळीने घ्यावी. गाडीत पाणी, नेहमीची औषधे, मधुमेह असल्यास साखर किंवा बिस्किटे, कपड्यांचा एक जोड आणि छत्री असावी. महामार्गावर स्वच्छ स्वच्छतागृह दिसले, की गरज नसली तरी थांबावे. ज्येष्ठ माणसे संकोचाने पाणीच पीत नाहीत, आणि चक्कर येण्याचे ते एक मोठे कारण असते.

परत गेल्यावरही सहभाग

मुक्काम संपला, की उरलेल्या काळातील सणसमारंभ फोनवर येतात, आणि तेथेही कामाचा तोच नियम लागू होतो. मोबाइल कपाटावर टेकवून ठेवला आणि सगळे आपापल्या गडबडीत राहिले, तर आजीला छताचा पंखा दिसत राहतो. त्याऐवजी घरातील एका मुलाकडे तेवढा वेळ फक्त फोन धरण्याचे काम द्यावे. आरतीची सुरुवात आजोबांनी करावी. आवाज मागेपुढे होत असल्याने एकत्र म्हणण्याचा आग्रह न धरता एक कडवे त्यांनी आणि एक इकडच्यांनी म्हणावे. गौरी कशा बसवायच्या, कोणते दागिने घालायचे, हे आजीला विचारून तिच्या देखतच करावे. वाढदिवसाला केकपेक्षा आजीने सांगितलेला पदार्थ करावा आणि तिला दाखवावा.

वेळेचे गणित लिहून ठेवावे. अमेरिका आणि युरोपात घड्याळे वर्षातून दोनदा बदलतात, आपली बदलत नाहीत. अमेरिकेत हा बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो, तर इंग्लंड-युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. दिवाळी नेमकी याच संधीवर येते. लक्ष्मीपूजन साताऱ्यात संध्याकाळी साडेसहाला असेल आणि तारीख ऑक्टोबरच्या त्या रविवारनंतरची, पण अमेरिकेतील नोव्हेंबरच्या बदलापूर्वीची असेल, तर लंडनमध्ये दुपारचा एक, न्यूयॉर्कला सकाळचे नऊ, कॅलिफोर्नियात सकाळचे सहा आणि सिडनीत मध्यरात्रीचे बारा वाजलेले असतात. सिडनीच्या आजीला जागे ठेवण्यापेक्षा दुपारीच एखादा दिवा लावून तिच्याशी बोलावे आणि संध्याकाळची पूजा टिपून पाठवावी. झूमची मोफत सभा चाळीस मिनिटांत आणि गूगल मीटची तीन किंवा अधिक जणांची मोफत सभा साठ मिनिटांत संपते, म्हणून बारसे किंवा मुंज दाखवायची असेल, तर मुख्य विधीच्या वेळेलाच जोडणी सुरू करावी. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअॅपवरून आवाज किंवा चित्रासह बोलता येत नाही, तेथील आजी-आजोबांसाठी दुसरी सोय आधी तपासून घ्यावी.

हा व्यवहार एकतर्फी राहू नये. परदेशी आजी-आजोबांचा दिवस अनेकदा फार लांब असतो. गाडी चालवता येत नाही, घरातले कामावर गेलेले, शेजारी दारे बंद. आठवड्यातून एकदा तरी जवळचे सार्वजनिक वाचनालय, बाग, तळे किंवा मंदिर येथे पायी वा बसने जाऊन यावे, आणि त्या फेरीचे चार फोटो व दोन मिनिटांचे स्वतःच्या आवाजातील वर्णन साताऱ्याच्या नातवंडांना पाठवावे. कोणत्या झाडाची पाने गळली, बर्फ किती साचला, बाकावर कोण भेटले, एवढे पुरे. मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळे आहेत. त्यांच्या गणपतीला आणि संक्रांतीला मुलांनी आई-वडिलांना पोहोचवण्याची व्यवस्था करावी, आणि शक्य असल्यास तेथेही त्यांनी प्रसादाचे किंवा हार करण्याचे काम मागून घ्यावे. इकडच्या नातवंडांनी मिळालेल्या फोटोंना नुसता अंगठा न दाखवता एक प्रश्न विचारावा, म्हणजे पुढच्या आठवड्याची फेरी त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी होते.

निघण्यापूर्वीची तयारी

निघण्याच्या आदल्या आठवड्यात सामानाचे पाहावे. कंदी पेढे सर्वांनाच न्यायचे असतात, पण इंग्लंड आणि युरोपीय संघातील देश भारतातून येणारे दुग्धजन्य पदार्थ प्रवाशांच्या सामानात आणू देत नाहीत, आणि ऑस्ट्रेलियात खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करावी लागते. अमेरिकेत ताजी फळे, बियाणे आणि मांसाचे पदार्थ नेण्यावर कडक निर्बंध आहेत. कांदा-लसूण मसाला, भाजणी आणि मेतकूट घट्ट बंद करून, वर नाव लिहून न्यावे, आणि त्या देशाचे चालू नियम निघण्यापूर्वी पुन्हा पाहावेत; विमानतळावर खोटे सांगण्याची वेळ आई-वडिलांवर आणू नये. पेढे येथेच, सर्वांसोबत खाऊन जावेत.

कमोडची खुर्ची, काठी, मच्छरदाणी, उबदार कपडे आणि चष्म्याची जुनी जोडी एका पेटीत भरून साताऱ्यातच ठेवावी. औषधांची रासायनिक नावांसह यादी, रक्तगट आणि डॉक्टरांचे क्रमांक त्या पेटीत आणि दोन मुलांच्या मोबाइलमध्ये असावेत. भिंतीवरील वंशावळीचा कागद गुंडाळून न ठेवता त्याचे मोठे छायाचित्र काढून प्रत्येक घरी पाठवावे, रिकाम्या राहिलेल्या जागांवर खूण करावी, आणि त्या कोणाला विचारून भरायच्या हे आजोबांनी निघण्यापूर्वी नावानिशी वाटून द्यावे.